रजा आधी नको: प्रकाशनाच्या कामातला बर्नआउट आणि त्यातून बाहेर पडण्याचा क्रम

दिवाळी अंक छापखान्यात गेला की आठवडाभरात मला दोन-तीन फोन हमखास येतात. कुणी उपसंपादक असतो, कुणी मुद्रितशोधक, एखादा डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर पानं लावणारा. म्हणणं एकच: "ताई, आता पुरे. आठ दिवस कुठंतरी जाऊन येतो, नाहीतर राजीनामाच देतो." मग तो दापोलीला जातो, परत येतो, तर टेबलावर तेच तीन गठ्ठे आणि त्यांवर चौथा. पंधरवड्यात पुन्हा फोन.

विश्रांती घेण्यात काही चूक नाही, चूक क्रमात आहे. छपाईच्या प्लेटवरची चूक तशीच ठेवून पुन्हा हजार प्रती काढायच्या, असा हा प्रकार.

मी नाशिकमध्ये अठरा वर्षं पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते आहे, आधी नोकरीत आणि आता घरून. खालचा क्रम मी उलट्या बाजूने चालून शिकले: आधी रजा, मग राजीनाम्याची धमकी, मग भांडण, सगळ्यात शेवटी डॉक्टर. पूर्ण क्रमाला साधारण तीन महिने लागतात. ऐन हंगामात सुरुवात करत असाल तर पहिले तीन टप्पे आत्ता करा, बाकीचे टप्पे अंक बाहेर पडल्यावर.

लागणारं सामान: दोनशे पानी एक वही, गेल्या तीन महिन्यांतल्या कामांची यादी, आणि घरातल्या एका माणसाला दिलेली कल्पना की मी हे करते आहे. मोबाइलवरचं ॲप नको. मोबाइल हाच निम्मा आजार आहे.

टप्पा १: थकवा कोणता आहे ते ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरता आला नाही की जी अवस्था येते, ती ही, असं तिथे म्हटलं आहे. खुणा तीन दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि कामाची परिणामकारकता घटणं.

आपल्या धंद्यात या खुणा कशा दिसतात ते सांगते. पहिली सगळ्यांना कळते. दुसरी कळत नाही, कारण ती विनोदाच्या रूपात येते. प्रत्येक लेखकाला टोपणनाव पडलेलं असतं, प्रत्येक हस्तलिखिताला "आलं आणखी एक" म्हटलं जातं. तिसरी खूण छापून आल्यावर दिसते.

माझं उदाहरण. एका आठवणींच्या पुस्तकात सातव्या प्रकरणाच्या वीस पानांवर वरची पट्टी, म्हणजे पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव, सहाव्या प्रकरणाची राहिली. प्रत्येक पानावर, ठळक टाइपात. अंतिम प्रुफावर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या पानांवर, "छापण्यास हरकत नाही" लिहून खाली सही माझीच होती. सोळा पानी दोन फॉर्म (एकत्र छापले जाणारे पानांचे संच) रद्दीत गेले. पण मला घाबरवलं ते त्या चुकीने नाही. छापखान्यातून फोन आला तेव्हा मी "बरं" म्हणाले आणि चहा पीत राहिले, त्याने घाबरवलं. नवी असताना एका चुकलेल्या वेलांटीसाठी रात्रभर जागणारी बाई मीच होते.

तपासा: रविवारी दुपारी, काम समोर नसताना, आवडीच्या गोष्टीत मन लागतं का? नातवंडं, क्रिकेट, बाग, काहीही. लागत असेल आणि सोमवारच्या आठवणीनेच पोटात गोळा येत असेल, तर रोख कामाकडे आहे. कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. मग हा लेख बाजूला ठेवून मानसोपचार तज्ज्ञाला भेटा.

सावधान: जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील तर टप्पे वगैरे काही नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आजच लावा, आणि घरातल्या एकाला सांगा.

टप्पा २: शरीराची तपासणी

हा टप्पा सगळे गाळतात, कारण "मला काय झालंय, नुसता कामाचा ताण आहे." असेलही. पण हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड बिघडलेलं, ब-१२ खाली गेलेलं किंवा साखर वाढलेली असली तरी माणूस असाच गळून जातो. फॅमिली डॉक्टरांना सांगून रक्ताच्या या चार तपासण्या करून घ्या. ब-१२चा प्रश्न शाकाहारी घरांत जास्त आढळतो.

मग डोळे. चाळिशी ओलांडलेल्या मुद्रितशोधकांत मी एक चूक सर्रास पाहते: प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून दिवसभर स्क्रीनवर काम. त्या भिंगाचा जवळचा भाग खाली असतो, म्हणून स्क्रीन वाचायला हनुवटी वर करावी लागते. संध्याकाळी मान आखडते, डोकं दुखतं आणि आपण त्याला "कामाचा कंटाळा" म्हणतो. चष्मेवाल्याकडे जाताना आपल्या स्क्रीनचं डोळ्यांपासूनचं अंतर मोजून न्या आणि फक्त त्या अंतराचा वेगळा चष्मा मागा. माझं अर्धं डोकेदुखीचं प्रकरण तिथेच मिटलं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहायचं, हा नियम ठाऊक सगळ्यांना असतो. पाळायचा असेल तर प्रुफाच्या दर चौथ्या पानावर पेन्सिलीने बारीक टिंब करून ठेवा. टिंब आलं की खिडकी.

टप्पा ३: चौदा दिवस वही

आता मोजायचं. "खूप काम आहे" हे वाक्य कुठल्याही प्रकाशकापुढे टिकत नाही, कारण त्याच्याकडेही खूप काम असतं.

वहीत चार रकाने आखा: वेळ, काम, कुणामुळे आलं, आणि शेवटी एक खूण. काम केल्यावर बरं वाटलं तर अधिक, वाईट वाटलं तर वजा. तेवढंच. निबंध लिहू नका. संपादकांना स्वतःच्या वहीतलीही वाक्यं सुधारायची सवय असते, ती इथे आवरा.

माझ्या वहीतला एक मंगळवार असा होता. १० ते १०.४०: कादंबरीचं दुसरं प्रूफ, अकरा पानं, अधिक. १०.४०: लेखकाचा फोन, कालच्या दुरुस्त्यांतली एक पुन्हा पूर्ववत करा, वजा. ११.०५: त्याच लेखकाची सव्वातीन मिनिटांची ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर, तीत दोन दुरुस्त्या आणि सुनेच्या बाळंतपणाची हकीकत, वजा. ११.३० ते १.४५: जुन्या फाँटमधली फाइल युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणल्यावर उडालेली अक्षरं दुरुस्त करणं, दोन वजा. दुपारी मुखपृष्ठावरून चर्चा, निर्णय नाही. ४ ते ५.१०: पुन्हा कादंबरी, एकोणीस पानं, अधिक. रात्री १०.४० ला मालकांचा संदेश: "उद्या सकाळी ब्लर्ब मिळेल का?" ब्लर्ब म्हणजे मलपृष्ठावरचा परिचय.

चौदा दिवसांची बेरीज केली तेव्हा नऊ तासांच्या दिवसातून संपादनाला जेमतेम साडेतीन तास मिळत होते. मी इतकी वर्षं समजत होते की मला संपादनाचा कंटाळा आला आहे. वहीत संपादनापुढे सगळीकडे अधिक होतं.

तपासा: वजा खुणा ज्या तीन नोंदींपुढे सगळ्यात जास्त आहेत, त्यांच्याभोवती गोल करा. पुढचा टप्पा त्या तीनच गोष्टींसाठी आहे. सात-आठ गोष्टी सुधारायला घेतल्या तर त्या सुधारण्याचाच बर्नआउट होतो.

सावधान: वही आठ दिवसांत बंद करू नका. छापखान्याचा एक आठवडा दुसऱ्यासारखा नसतो. फॉर्म सुटायचा आठवडा आणि शांत आठवडा, दोन्ही आले पाहिजेत.

टप्पा ४: गळती बंद करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. यातल्या बहुतेक गोष्टींना मालकांची परवानगी लागत नाही. तुम्ही उद्यापासून करू शकता.

*दुरुस्त्यांचं दार एकच ठेवा.* लेखकाला पहिलं प्रूफ पाठवतानाच पत्रात लिहा: दुरुस्त्या एकाच प्रुफावर, एकाच वेळी, अमुक तारखेपर्यंत. फोनवरची, व्हॉट्सॲपवरची, नातवाकडून सांगून पाठवलेली दुरुस्ती धरली जाणार नाही. सुरुवातीला लेखक रुसतात. माझ्या एका ज्येष्ठ लेखकांनी "तुम्ही फार सरकारी झालात हो" असं ऐकवलं. तिसऱ्या पुस्तकाला त्यांनी स्वतःहून लाल शाईने एकत्र केलेला गठ्ठा आणून दिला, कारण त्यांनाही आपण काय सांगितलं ते आठवेनासं झालं होतं.

*प्रुफांची संख्या ठरवा.* तीन. पहिलं संपादक आणि लेखक दोघांचं, दुसरं दुरुस्त्या बसल्या का ते पाहण्यापुरतं, तिसरं अंतिम. दुसऱ्या प्रुफात लेखकाला नवा परिच्छेद सुचला तर पुढच्या आवृत्तीत. "एकच ओळ आहे हो" म्हणत आलेल्या ओळीने पान सरकतं, पान सरकलं की अनुक्रमणिका सरकते, आणि रात्री अकरा वाजता ते तुमच्या लक्षात येतं.

*फाँटचा निकाल संपादनाआधी लावा.* ही चूक निम्म्या कार्यालयांत होते: जुन्या फाँटमध्ये आलेली संहिता तशीच संपादित करायची आणि शेवटी युनिकोडमध्ये बदलायची. मग "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं, ॲ जागी चौकोन येतो, अवतरणचिन्हं उलटी होतात आणि झालेलं संपादन पुन्हा तपासावं लागतं. संहिता आली त्या दिवशी रूपांतर, लगेच शोधा-बदला वापरून नेहमीच्या दहा-बारा चुका साफ, आणि मग पहिलं वाक्य वाचायला घ्या. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ओतल्यावर वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जात असतील तर परिच्छेदाचा कंपोझर (ओळी जुळवणारी सेटिंग) वर्ल्ड-रेडी करून घ्या. मी असे डीटीपीवाले पाहिले आहेत जे एकेक वेलांटी हाताने हलवत बसतात.

*शैलीपत्रक ठेवा.* प्रत्येक पुस्तकासाठी एक पान. "असं" की "असे", आकडे मराठी की इंग्रजी, विशेषनामं कशी लिहायची, कंस कुठले. लेखनाबद्दल वाद झालाच तर शासनमान्य अठरा नियम छापून भिंतीवर लावा. त्यातले पहिले चौदा १९६२ चे आणि पुढचे चार १९७२ चे. "माझ्या मते" विरुद्ध "तुमच्या मते" असा वाद दिवस खातो. "नियम आठ वाचा" म्हटलं की दोन मिनिटांत संपतो.

*समारंभाची तारीख प्लेट छपाईला गेल्यावर.* नाशिकला हे जास्त भोवतं. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन. गावातल्या निम्म्या लेखकांना प्रकाशन त्याच आठवड्यात हवं असतं. सभागृह ठरतं, पाहुणे ठरतात, निमंत्रणपत्रिका छापून वाटल्या जातात, आणि पुस्तक अजून दुसऱ्या प्रुफात असतं. हीच गत पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथांची. सभागृहाचे पैसे भरण्याआधी लेखकाने तुम्हाला विचारावं, एवढी एक ओळ प्रकाशनाच्या करारपत्रात घालून घ्या. न विचारता तारीख घेतली तर पुस्तकाची नमुना प्रत व्यासपीठावर आणि गठ्ठे आठवड्याने, हे लेखकाला आधीच सांगून ठेवायचं.

*अंतिम प्रूफ त्याच दिवशी पाहू नका.* एक रात्र मध्ये जाऊ द्या. आणि पाहताना मजकूर वाचूच नका. फक्त पट्ट्या, पानांचे आकडे, प्रकरणांची नावं, अनुक्रमणिकेशी मेळ, कण्यावरचं नाव, आयएसबीएन. मजकूर वाचायला लागलात की बाकीचं निसटतं. वीस पानांची किंमत मोजून शिकलेली गोष्ट आहे ही.

तपासा: तीन आठवड्यांनी पुन्हा दोन दिवस वही लिहा. गोल केलेल्या तीन नोंदींपैकी एकही कमी झाली नसेल तर अडचण तुमच्या हातातली नाही. ती वरच्या टेबलावर आहे. पुढच्या टप्प्याला जा.

टप्पा ५: मालकांशी किंवा वरिष्ठांशी बोलणं

क्रिस्टिना मासलाक आणि मायकेल लायटर या अभ्यासकांनी बर्नआउटची मुळं सहा ठिकाणी शोधली: कामाचा बोजा, कामावरचं नियंत्रण, मोबदला आणि दाद, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. बोलायला जाण्याआधी यातलं तुमचं एक निवडा. एकच. दर वेळी तो बोजाच असतो असं नाही. साहित्य वाचायला म्हणून या धंद्यात आलेल्या माणसाकडे गेली पाच वर्षं फक्त अपेक्षित प्रश्नसंच येत असतील, तर त्याचं दुखणं मूल्यांचं आहे आणि चार दिवस रजेने ते जाणार नाही. त्याला वर्षाकाठी मनाजोगतं एक पुस्तक मागायचं आहे. ज्याच्या संपादनाखाली पुस्तक गाजलं आणि श्रेयनामावलीत नावच नाही, त्याला दाद हवी आहे. तिला खर्च शून्य येतो, तरी ती कुणी देत नाही. का देत नाही, हे मला अठरा वर्षांत उमगलेलं नाही.

वेळ निवडा. सप्टेंबरमध्ये नको, जूनमध्ये शाळा उघडताना नको, जाहिरातीचे पैसे अडकले असतील त्या दिवशी तर नकोच. बाकीचे जेवायला गेले की जा. हातात एक कागद, त्यावर वहीतली बेरीज. बोलणं असं असू शकतं:

"सर, पाच मिनिटं हवी होती. हा दोन आठवड्यांचा हिशोब आहे. माझ्याकडे सात पुस्तकं आहेत आणि संपादनाला रोज साडेतीन तास मिळतात. या वेगाने मार्चपर्यंत चार नीट होतील."

"अहो मॅडम, सगळीच अर्जंट आहेत."

"हो सर. पहिलं कुठलं घेऊ?"

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. आपण लगेच "तसं मी बघते, रात्री बसून करते" म्हणतो आणि स्वतःच जिंकलेला डाव घालवतो. ते पुस्तकांना क्रम देईपर्यंत कागद टेबलावरून उचलू नका. त्यांनी सातही पहिल्या क्रमांकावर टाकली, तर दुसरा पर्याय ठेवा: "लेखकांचे फोन दुपारी तीन ते चारच घेते आणि बाकीचं काऊंटरवर नोंदवून घेऊ द्या, मग पाच करून देते."

सावधान: या बैठकीत राजीनाम्याचा उच्चार करायचा नाही. धमकी म्हणून एकदा वापरलेला राजीनामा पुढे खरा द्यायची वेळ आली की हसण्यावारी जातो. माझा गेला.

आणखी एक. कॅलेंडर घेऊन जा. दिवाळी २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे अंकाला अठरा दिवस जास्त. अधिक महिन्याच्या वर्षी हे दिवस कुणीतरी नव्या कामाने भरतंच, आणि सिंहस्थ २०२७ मध्ये असल्याने त्याच्या पुस्तिका, मार्गदर्शिका, विशेषांक यांची घाई त्याआधीच सुरू होते. ते दिवस कशासाठी राखायचे, हे मे महिन्यातच लिहून घ्या.

टप्पा ५-अ: घरून काम करणाऱ्यांसाठी

तुमचे मालक पाच असतात आणि पाचही जण आपण एकटेच आहोत असं समजतात. तुमच्या थकव्यात अडकलेल्या पैशांचा वाटा मोठा असतो. काम संपल्यावर चार महिने "या आठवड्यात करतो" ऐकत बसणं हे वेगळंच काम आहे.

दर शब्दांवर ठरवा. "पान" म्हटलं की तुमचं पान अडीचशे शब्दांचं आणि त्यांचं चारशेचं निघतं. निम्मे पैसे आगाऊ. उरलेले "पुस्तक आलं की" असं कधीही मान्य करू नका, पुस्तक दोन वर्षं न येऊ शकतं. "दुसरं प्रूफ हातात दिल्यावर" असं लिहा. उद्यम नोंदणी करून घ्या, ती ऑनलाइन आणि मोफत होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याज लागतं. भांडायला जायची वेळ सहसा येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि खाली ४५ दिवसांची ओळ दिसली की हिशोबनीस बिल गठ्ठ्यात वर ठेवतो.

टप्पा ६: आता रजा

गळती थांबली, कामांचा क्रम लागला, म्हणजे आता परत आल्यावर चौथा गठ्ठा नसेल. रजा घ्या.

मधले पाच कामाचे दिवस घेतले की दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस होतात. शनिवारी ऑफिस असेल तर तोही मागून घ्या. नऊच्या खाली जाऊ नका. पहिले तीन दिवस नुसती झोप आणि चिडचिड यात जातात, खरी रजा चौथ्या दिवशी सुरू होते. लग्नासाठी घेतलेली रजा ही रजा नव्हे. सासरी पाहुणे येणार म्हणून घेतलेलीही नव्हे.

निघण्याआधी एका कागदावर सुपूर्दगी: कुठलं पुस्तक कुठल्या प्रुफात, फाइल कुठल्या नावाने, कुठल्या फोल्डरमध्ये, छापखान्याशी काय बोलणं झालं, आणि कुठला निर्णय मी आल्याशिवाय घ्यायचा नाही. फाइलींना "फायनल", "फायनल नवी", "फायनल खरी" अशी नावं असतील तर आधी ती तारखांनी बदला. नाहीतर तिसऱ्या दिवशी फोन येणारच. कामाचे व्हॉट्सॲप गट म्यूट करून भागत नाही, मोबाइलमधून कामाचं खातं काढा किंवा तो मोबाइलच घरी ठेवा.

कुठे जायचं? लांब गेलंच पाहिजे असं नाही. अंक नोव्हेंबरमध्ये सुटल्यावर निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला स्थलांतरित पक्षी येऊ लागलेले असतात. पहाटे निघून दुपारी जेवायला घरी येता येतं. तिथे वाचायला काहीच नाही, हा त्या जागेचा मोठा गुण. रोज सकाळी कृषिनगरच्या ट्रॅकवर चाललात तरी चालेल, पण कानात ऑडिओबुक घालून नको.

वाचन करू नका, असं मी सांगते तेव्हा लोकांना धक्का बसतो. आपल्याला वाचताच येत नाही, आपण तपासतो. रजेत घेतलेल्या पहिल्याच कादंबरीत तिसऱ्या पानावर ऱ्हस्व-दीर्घ खटकला की तुम्ही पुन्हा ऑफिसात. पाचव्या-सहाव्या दिवशी एक परीक्षा करा: कॉलेज रोडने सावकाश चालत जा आणि दुकानांच्या पाट्या पाहा. "स्विकारले जाईल" दिसल्यावर हात पेन्सिलीकडे जात असेल तर अजून दोन दिवस पुस्तक उघडू नका. पाटी दिसली, चूक दिसली, आणि तुम्ही तशाच पुढे वडापाव खायला गेलात, तर उघडा.

टप्पा ७: परतल्यावरचा महिना

पहिला दिवस नव्या कामाला देऊ नका. साठलेल्या मेल वाचायच्या, पण उत्तरं दुपारनंतर. आलेल्या दर तीनांतली एक कुणीतरी आधीच निस्तरलेली असते. पहिला आठवडा नेहमीच्या दोन तृतीयांश पानांवर थांबा. उत्साह असतो, म्हणून लोक पहिल्याच बुधवारी रात्री दहापर्यंत बसतात आणि शुक्रवारी "रजेचा काही उपयोग झाला नाही" म्हणून मला फोन करतात.

महिना संपताना वही पुन्हा काढा, चार दिवस लिहा, जुन्या चौदा दिवसांशी ताडून पाहा. तिथे तीनांतल्या कुठल्या वाटेवर आहात ते दिसेल. वजा खुणा घटल्या असतील तर वही दर तीन महिन्यांनी दोन दिवस, बास. आकडे घटले पण सकाळी उठवत नसेल तर टप्पा १ मधली रविवारची परीक्षा पुन्हा द्या आणि समुपदेशकाकडे जा. आकडे हललेच नाहीत, मालकांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि विषय संपला, तर नोकरी बदलायचा विचार आता रास्त आहे.

त्यालाही क्रम आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग केलेल्या पुस्तकांची यादी आणि परवानगी असेल तिथे नमुना पानं, मग नवं काम हातात, मग राजीनामा, आणि निघताना अनुभवपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तपासून घेणं. आपल्या कौशल्याला या शहरात प्रकाशनगृहांपलीकडेही गिऱ्हाईक आहे. मुक्त विद्यापीठासारखी संस्था इथेच आहे आणि तिचं शिक्षण स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांवर चालतं. उपशीर्षकं, कंपन्यांच्या मराठी माहितीपुस्तिका, न्यायालयीन अनुवाद हीही कामं आहेत. पैसे बहुतेक वेळा बरे असतात, शब्द मात्र रटाळ असतात. आपल्याला काय सोसवतं ते वहीतल्या अधिक-वजा खुणांवरून पाहा.

आणि रजेवरून सोमवारी परतणार असाल तर छापखान्याला आधीच सांगून ठेवा: प्रूफ मंगळवारी पाठवा, सोमवारी घेणार नाही.